फ्रेड हॅम्प्टन : शिकागोच्या वस्तीतला एकवीस वर्षांचा पँथर

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की आपली सगळी लगबग चैत्यभूमीकडे वळते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी देशभरातून लाखो अनुयायी दादरला येतात. पाणीवाटप, भोजनदान, पुस्तकांचे स्टॉल, औषधोपचार या कामांत आपले युवक-युवती रात्रंदिवस राबतात. त्याच आठवड्यात, ४ डिसेंबरला, अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका तरुणाचे स्मरण केले जाते. त्याचे नाव फ्रेड हॅम्प्टन. १९६९ साली त्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्याच्याच घरात त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा त्याचे वय होते २१ वर्षे ३ महिने.

१९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. पण त्या अमेरिकन पँथरांनी रोज नेमके काय काम केले, हे फार थोड्यांना माहीत असते. काळे जाकीट, तिरकी टोपी आणि हातात बंदूक एवढेच छायाचित्र डोळ्यांसमोर येते. त्या छायाचित्रात न दिसणारे काम समजून घ्यायचे असेल तर फ्रेडचे छोटेसे आयुष्य वाचायला हवे. आमच्या युवक-युवतींपुढे ते ठेवावे असे आम्हाला वाटले.

कारखान्यातले आईबाप आणि एमेट टिल

फ्रेडचे वडील फ्रान्सिस आणि आई इबेरिया हे मूळचे लुईझियाना या दक्षिणेकडील राज्यातले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण दक्षिणेत काळ्या माणसाचे जगणे गोऱ्या जमीनदाराच्या मर्जीवर होते. मतदान करायला गेला तर मारहाण, उलट बोलला तर झाडाला फास. विसाव्या शतकात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतली गावे सोडून उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत गेली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना जातीने जखडलेले खेडे सोडून शहराकडे जायला का सांगितले, हे ज्याला कळले त्याला हे स्थलांतरही कळेल.

हॅम्प्टन दांपत्याला शिकागोजवळच्या आर्गो भागात मक्यापासून स्टार्च बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळाले. इबेरिया तिथल्या युनियनमध्ये कामगारांच्या प्रतिनिधी होत्या. ३० ऑगस्ट १९४८ रोजी फ्रेडचा जन्म झाला. म्हणजे न्याय मागायचा असेल तर एकट्याने नाही, संघटनेने मागायचा, ही गोष्ट त्याने घरातच पाहिली.

आर्गोच्याच वस्तीत टिल कुटुंबाचा वावर होता. इबेरिया यांनी लहानग्या एमेट टिलला सांभाळलेही होते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये १४ वर्षांचा एमेट सुट्टीत मिसिसिपी राज्यातल्या नातेवाइकांकडे गेला. एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असा आळ घेऊन गोऱ्या पुरुषांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि नदीत फेकले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटीचे झाकण उघडे ठेवले. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे असा त्यांचा निर्धार होता. हजारो लोकांनी तो छिन्नविच्छिन्न चेहरा पाहिला. मारेकऱ्यांना मात्र फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले.

फ्रेड तेव्हा सात वर्षांचा होत होता. खैरलांजीच्या बातम्या ऐकत जी मुले मोठी झाली, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ओळखीच्या घरातले मूल मारले जाते आणि न्यायालय मारेकऱ्यांना सोडून देते, ही गोष्ट मुलांच्या मनात कायमची बसते.

पोहण्याचा तलाव

पुढे कुटुंब मेवूड या उपनगरात राहायला गेले. फ्रेड तिथल्या प्रोव्हिसो ईस्ट हायस्कूलमध्ये शिकला. अभ्यासात चांगला, खेळात चांगला आणि बोलण्यात तर फारच चांगला. शाळेत काळी मुले बरीच होती, तरी वार्षिक सोहळ्याच्या राणीच्या निवडीसाठी उमेदवार म्हणून फक्त गोऱ्या मुलींचीच नावे येत. फ्रेडने विद्यार्थ्यांना एकत्र करून याला विरोध केला आणि काळ्या मुलींनाही उमेदवारी मिळू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण सुंदर कोणाला म्हणायचे हेसुद्धा वरचढ समाजच ठरवतो, हे शाळकरी वयात ओळखणे किरकोळ नव्हते.

१९६६ मध्ये तो उत्तम गुणांनी शाळा सोडून बाहेर पडला. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकेतली जुनी राष्ट्रीय संघटना. तिच्या स्थानिक युवा शाखेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. मेवूडची लोकवस्ती सुमारे २७ हजार. तेवढ्या वस्तीत त्याने ५०० तरुणांची शाखा उभी केली. आज तालुक्याच्या गावात पन्नास युवकांची नियमित बैठक घेताना आपली काय दमछाक होते, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या शाखेची एक मुख्य मागणी होती पोहण्याच्या तलावाची. उन्हाळ्यात गोऱ्या मुलांना शेजारच्या उपनगरातल्या सार्वजनिक तलावात पोहता येई. काळ्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. फ्रेडने आपल्या गावात सर्वांसाठी तलाव हवा म्हणून सह्या, सभा, मोर्चे सुरू केले. नगर परिषदेवर धडक मारली.

आम्हाला इथे महाडची आठवण येणे साहजिक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, माणूसपणाचा होता. महाडपासून हजारो मैल दूर, चार दशकांनंतर, एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या एका पाण्यासाठी उभा राहिला. त्याला महाड ठाऊक होते असा आमचा दावा नाही. पण उच्च-नीचतेची प्रत्येक व्यवस्था पाण्यापाशी येऊन आपला खरा चेहरा दाखवते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच होते.

मेवूडमध्ये तलाव झाला, पण फ्रेडच्या मृत्यूनंतर. आज त्या तलावाला त्याचेच नाव आहे आणि त्याच्यासमोर त्याचा अर्धपुतळा आहे.

याच काळात फ्रेड ट्रायटन ज्युनिअर कॉलेजमध्ये कायद्याच्या पूर्वतयारीचा अभ्यासक्रम शिकू लागला. पोलिसांनी अडवले तर आपल्याला कोणते अधिकार आहेत हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असावे, असे त्याला वाटे. दुसरीकडे सरकारचीही त्याच्यावर नजर पडली होती. १९६७ मध्ये एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने त्याच्या नावाची फाइल उघडली. तलाव मागणारा हा मुलगा तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा होता.

नाश्त्याची चळवळ

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या नेत्यालाच गोळी घातली गेल्यावर काळ्या वस्त्यांमध्ये संतापाचा आगडोंब उसळला. शिकागोचा पश्चिम भाग जळत होता. महापौर रिचर्ड डेली यांनी जाळपोळ करणाऱ्यांना ठार मारण्यासाठी गोळ्या घाला असा आदेश दिल्याचे जाहीरपणे सांगितले.

अशा वातावरणात १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड ब्लॅक पँथर पार्टीच्या इलिनॉय शाखेत आला. ही पार्टी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केली होती. तिच्या दहा कलमी कार्यक्रमात काम, घर, शिक्षण आणि पोलिसी अत्याचारापासून सुटका या मागण्या होत्या. शिकागोत बॉबी रश आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फ्रेडने शाखा बांधली. वेस्ट मॅडिसन रस्त्यावर कार्यालय थाटले. थोड्याच दिवसांत तो शाखेचा अध्यक्ष झाला.

फ्रेडचे वक्तृत्व गाजलेले होते. पण त्याने शिकागोत खरी मुळे रोवली ती मोफत नाश्त्याच्या कामातून. गरीब वस्तीतली मुले उपाशीपोटी शाळेत जात. उपाशी मुलाचे लक्ष फळ्याकडे लागत नाही, मग त्याला मठ्ठ म्हणून मागे बसवले जाते आणि शेवटी ते शाळा सोडते. हे दुष्टचक्र तोडायचे तर सुरुवात पोटापासून करायला हवी, असे पँथरांनी ठरवले. ओकलंडमध्ये १९६९ च्या सुरुवातीला हा उपक्रम सुरू झाला आणि त्याच वसंतात तो शिकागोत आला.

यासाठी पहाटे उठावे लागे. दुकानदारांकडून अन्न मिळवायचे, वस्तीतली जागा वापरायला मागायची, अंधारात चूल पेटवायची, मुलांना वाढायचे, भांडी घासायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात टाळ्या नव्हत्या. पँथरांच्या अनेक शाखांमध्ये हे काम मुख्यतः तरुणींनी तोलून धरले. फ्रेड स्वतः सकाळी सहाला कार्यकर्त्यांचा अभ्यासवर्ग घेत असे. वाचन सक्तीचे होते. जो वाचत नाही, त्याला आपण कशासाठी लढतो हेच कळत नाही आणि तो उद्या कुणाच्याही मागे जातो, अशी त्याची धारणा होती.

दवाखान्याचीही योजना होती. फ्रेडच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत शिकागोच्या पँथरांनी वस्तीत मोफत दवाखाना सुरू केला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी १९६९ च्या मे महिन्यात आपल्या कार्यालयांना पाठवलेल्या पत्रात मुलांच्या नाश्त्याचा हा उपक्रम मोठा धोका असल्याचे म्हटले होते. बंदूक घेतलेल्या तरुणाला गुन्हेगार ठरवणे सोपे असते. पण मुलाला खाऊ घालणाऱ्या तरुणाच्या बाजूने त्या मुलाची आई उभी राहते, शेजारी उभे राहतात, चर्चचा पाद्री उभा राहतो. सत्तेला भीती या उभ्या राहण्याची वाटते. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनेच शाळांमधल्या नाश्त्याची योजना कायमची केली.

याच सुमारास फ्रेडवर एक खटला चालला. १९६८ च्या उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी लुटून ७१ डॉलरचे आइस्क्रीम मुलांना वाटल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने आरोप नाकारला, पण शिक्षा झाली दोन ते पाच वर्षांची. काही काळ त्याने तुरुंगात काढला आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये अपिलावर जामीन मिळून तो बाहेर आला.

इंद्रधनुष्य आघाडी

फ्रेडच्या कामातला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. शिकागो हे तुकड्यांत वाटलेले शहर होते. काळ्यांची वस्ती वेगळी, पोर्तो रिकोहून आलेल्यांची वेगळी, गरीब गोऱ्यांची वेगळी. प्रत्येक वस्ती दुसरीकडे संशयाने पाही. घरमालक, पोलीस आणि राजकीय पुढारी यांना ही फूट सोयीची होती.

फ्रेड आणि त्याचे सहकारी या भिंतींपलीकडे गेले. लिंकन पार्क भागात होसे जिमेनेझ यांच्या नेतृत्वाखाली यंग लॉर्ड्स ही पोर्तो रिकन तरुणांची संघटना काम करत होती. ती आधी रस्त्यावरची टोळी होती. शहर सुधारणेच्या नावाखाली त्यांच्या कुटुंबांना घरांतून हुसकावले जात होते, त्या लढ्यात ती टोळी चळवळीत बदलली. फ्रेडने त्यांच्याशी मैत्री केली.

त्याहून अवघड होती तिसरी मैत्री. अपटाऊन भागात ॲपलाचियाच्या डोंगराळ पट्ट्यातून पोटासाठी आलेले गरीब गोरे राहत. त्यांच्या तरुणांची संघटना यंग पेट्रिअट्स. हे तरुण आपल्या जाकिटांवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा लावत. काळ्या माणसाने त्यांच्याशी बोलायचे तरी कसे? पँथरांचे बॉब ली आधी त्यांच्या वस्तीत गेले, त्यांच्या बैठकींत बसले, त्यांचे ऐकले. तिथेही तेच प्रश्न निघाले : पोलिसांची मारहाण, गळकी घरे, दवाखाना नाही, काम नाही. हळूहळू विश्वास जुळला. त्या तरुणांनी कालांतराने तो झेंडाही सोडला.

या तिघांच्या युतीला रेनबो कोलिशन, म्हणजे इंद्रधनुष्य आघाडी, असे नाव मिळाले. वर्णद्वेषाचा प्रश्न फ्रेडने या मैत्रीसाठी गुंडाळून ठेवला नाही. काळा माणूस आधी काळा म्हणून मार खातो, हे तो सतत सांगत राहिला. पण वर्णद्वेषाला उत्तर म्हणून उलटा वर्णद्वेष करायचा नाही, एकजुटीने उत्तर द्यायचे, यावर तो ठाम होता. आणि ही एकजूट त्याने व्यासपीठावरच्या घोषणांतून आणली नाही. एकमेकांच्या वस्तीत जाऊन, एकमेकांच्या मोर्चात उभे राहून आणली.

आपल्याकडे भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम, ओबीसी, मातंग, चर्मकार बांधवांबरोबरच्या एकजुटीवर भाषणे पुष्कळ होतात. त्यांच्या वस्तीतल्या पाण्याच्या मोर्चात आपण किती वेळा गेलो, हा प्रश्न आम्ही स्वतःसकट सगळ्यांना विचारतो आहोत.

निनावी पत्र आणि खबऱ्या

शिकागोच्या दक्षिण भागात ब्लॅकस्टोन रेंजर्स ही हजारो सदस्यांची मोठी टोळी होती. तिचा म्होरक्या जेफ फोर्ट. या तरुणांना गुन्हेगारीतून चळवळीत आणावे यासाठी फ्रेड त्याच्याशी बोलणी करत होता. १९६९ च्या जानेवारीत फोर्टला एक निनावी पत्र पाठवण्याचे ठरले. पँथर तुझ्या जिवावर उठले आहेत, असा त्याचा आशय होता. हितचिंतक म्हणून लिहिलेले ते पत्र प्रत्यक्षात एफबीआयने तयार केले होते. काळ्यांच्या दोन गटांनी एकमेकांचे रक्त सांडावे, हा हेतू. पँथर आणि रेंजर्स यांची युती कधीच झाली नाही.

एफबीआयच्या या गुप्त मोहिमेचे नाव कोइंटेलप्रो. चळवळींमध्ये संशय पेरणे, नेत्यांची बदनामी करणे, गटांना लढवणे आणि सर्वांना मान्य होईल असा कृष्णवर्णीय नेता उभाच राहू न देणे ही तिची उद्दिष्टे होती.

शिकागोत तिचे हत्यार झाला विल्यम ओनील. हाही काळा तरुण, फ्रेडपेक्षा काही महिन्यांनी लहान. मोटार चोरल्याच्या प्रकरणात तो सापडला. रॉय मिचेल या एफबीआय अधिकाऱ्याने त्याच्यापुढे सुटकेचा मार्ग ठेवला : पँथरांत जा आणि आम्हाला खबर दे. ओनील गेला आणि शाखेचा सुरक्षाप्रमुख झाला. ज्याच्यावर फ्रेडला जपण्याची जबाबदारी, तोच त्याची प्रत्येक हालचाल कळवत होता. त्याने फ्रेडच्या घराचा नकाशा काढून दिला. कोणती खोली कुठे, फ्रेडचा पलंग कुठे, सगळे त्यात होते.

४ डिसेंबर १९६९

वेस्ट मन्रो रस्त्यावरच्या २३३७ क्रमांकाच्या इमारतीत फ्रेड राहत होता. त्या रात्री घरात नऊ जण होते. त्यात फ्रेडची जोडीदार डेबोरा जॉन्सन होत्या. त्यांना नववा महिना लागलेला होता. पिओरिया शहरातून आलेला २२ वर्षांचा कार्यकर्ता मार्क क्लार्क होता. पहाटे पावणेपाचच्या सुमारास कुक काउंटीचे सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन यांच्या कार्यालयाचे १४ पोलीस आत घुसले. कारण सांगितले बेकायदा शस्त्रांच्या झडतीचे.

मार्क क्लार्क जागीच ठार झाला. भिंतींतून आरपार गोळ्या फ्रेडच्या खोलीत गेल्या. वाचलेल्यांच्या साक्षीनुसार, तो जखमी अवस्थेत पडलेला असताना जवळून पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. दोघे मरण पावले, चौघे जखमी झाले. वाचलेल्या सातही जणांवर उलट खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. पँथरांनी गोळीबार केला आणि आम्ही प्रत्युत्तर दिले, असे पोलिसांनी सांगितले.

पण पोलिसांनी ते घर सील केले नाही. पँथरांनी ते लोकांसाठी उघडले. हजारो लोक रांगा लावून आले. शाळकरी मुले आली, म्हाताऱ्या बाया आल्या. त्यांनी रक्ताने भिजलेली गादी पाहिली, भिंतींतली भोके पाहिली. चौदा वर्षांपूर्वी मेमी टिल यांनी उघडी ठेवलेली शवपेटी पाहायला जसे हे शहर आले होते, तसेच आता ते या घरात आले. पँथरांच्या गोळ्यांच्या खुणा म्हणून पोलिसांनी वर्तमानपत्राला दिलेल्या छायाचित्रांतली भोके प्रत्यक्षात खिळ्यांची डोकी असल्याचे पत्रकारांनी दाखवून दिले. पुढे केंद्रीय ज्यूरीच्या तपासात दिसले की पोलिसांनी ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या होत्या आणि पँथरांकडून एकच गोळी सुटली होती. सात जणांवरचे खटले मागे घ्यावे लागले. अंत्ययात्रेला सुमारे पाच हजार लोक होते.

२९ डिसेंबरला फ्रेडच्या मुलाचा जन्म झाला. ओनीलला त्याच्या कामगिरीबद्दल एफबीआयने ३०० डॉलर बक्षीस दिले.

तेरा वर्षांची लढाई

१९७१ च्या मार्चमध्ये काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय कार्यालयातून कागदपत्रे पळवली आणि कोइंटेलप्रोचे नाव जगापुढे आले. इकडे वाचलेले पँथर आणि फ्रेड व मार्क यांच्या घरच्यांनी दिवाणी दावा लावला होता. पीपल्स लॉ ऑफिस या तरुण वकिलांच्या गटाने तो वर्षानुवर्षे लढवला. अठरा महिने चाललेल्या सुनावणीत त्यांनी सरकारकडून दडवलेली कागदपत्रे एकेक करून बाहेर काढली. घराचा तो नकाशाही उजेडात आला. खालच्या न्यायालयात हार झाली, पण त्यांनी वर दाद मागितली. अखेर १९८२ मध्ये केंद्र सरकार, काउंटी आणि शहर या तिघांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. या हत्येसाठी शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

शिकागोच्या मतदारांनी आपला निकाल दिला. १९७२ च्या निवडणुकीत हॅनराहन पराभूत झाले. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, ते काळे, लॅटिनो आणि पुरोगामी गोरे यांच्या युतीच्या बळावर. फ्रेडचे सहकारी बॉबी रश त्याच वर्षी नगरसेवक झाले आणि पुढे तीस वर्षे अमेरिकेच्या संसदेत होते. २०२१ मध्ये फ्रेड आणि ओनील यांच्यावर निघालेल्या चित्रपटामुळे नव्या पिढीला हे नाव पुन्हा कळले.

ओनील १९९० मध्ये मरण पावला. ती आत्महत्या असल्याची सरकारदरबारी नोंद झाली. त्याच्या कृत्याला माफी नाही. पण बुद्धाच्या अनुयायांनी त्याच्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. एकाच शहरातले, जवळजवळ एकाच वयाचे दोन काळे तरुण. एकाला युनियनवाली आई, संघटना आणि अभ्यासवर्ग मिळाला. दुसरा चुकला तेव्हा त्याच्यापर्यंत आधी पोलीस पोचले. आपल्या वस्तीतला चुकलेला मुलगा आपल्याआधी कुणाच्या हाती लागतो, हा प्रश्न विहाराच्या प्रत्येक कार्यकारिणीने स्वतःला विचारावा असा आहे.

आपण काय घ्यायचे

पँथर बंदूक बाळगत. त्यांच्या देशाच्या कायद्याने शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला होता आणि पोलिसांच्या दहशतीत ते आत्मरक्षणाचे साधन आहे असे ते मानत. आमचा मार्ग बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचा आणि बुद्धाच्या धम्माचा आहे, त्यामुळे बंदुकीचा आदर्श आम्ही ठेवत नाही. फ्रेडच्या आयुष्यानेही हेच दाखवले की बंदुकीने त्याला वाचवले नाही. त्याच्यामागे जे उरले ते तलाव, दवाखाना, आघाडी आणि त्याने शिकवलेली माणसे.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. फ्रेड गेल्यावर काही वर्षांतच शिकागोची शाखा विरून गेली. आपली दलित पँथरही स्थापनेनंतर दोन-तीन वर्षांतच फुटली. १९७४ च्या वरळी दंगलीत पोलिसांचा आणि गुंडांचा मार खाल्लेली, भागवत जाधव यांच्यासारखा तरुण गमावलेली संघटना आपसातल्या वादात दुभंगली. शिकागोत फूट पाडण्यासाठी सरकारला निनावी पत्रे लिहावी लागली. आज आपल्याकडे एक फॉरवर्ड पुरतो. कोण विकला गेला, कोण कोणाचा दलाल, असे कुठलाही पुरावा नसलेले मेसेज आपण मिनिटभरात शंभर गटांत पोचवतो. ते आधी कोणी लिहिले, हे विचारतही नाही. सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. चळवळ टिकवण्यासाठीही ते तितकेच गरजेचे आहे.

म्हणून आमचे युवक-युवतींना सांगणे साधे आहे. फ्रेडचे पोस्टर लावा, पण त्याआधी आपल्या वस्तीत उपाशीपोटी शाळेत जाणारी मुले किती आहेत ते मोजा. विहारात आठवड्यातून एक दिवस अभ्यासवर्ग ठरलेल्या वेळी सुरू करा, चार जण आले तरी घ्या. शेजारच्या दुसऱ्या समाजाच्या वस्तीत जा आणि आधी ऐका. एखाद्या कार्यकर्त्याबद्दल वाईट कानावर आले तर पुढे पाठवण्याआधी त्यालाच जाऊन विचारा. आणि कुठलेही काम एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवू नका. तो उद्या नसला तरी परवा सकाळी मुलांना नाश्ता मिळायला हवा.

फ्रेड हॅम्प्टनला सार्वजनिक कामासाठी जेमतेम पाच वर्षे मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांना त्याहून कितीतरी जास्त मिळणार आहेत.

जय भीम!